आईबापाची सही चालते, मग काळजी का चालत नाही?

अग्निपथ योजनेत भरतीचे किमान वय साडेसतरा वर्षे आहे. अठरा पूर्ण नसलेल्या मुलाच्या भरतीच्या कागदावर त्याच्या आईची, बापाची किंवा पालकाची सही लागते, कारण कायद्याच्या भाषेत तो अजून अज्ञान असतो. या मुलाला मतदान करता येत नाही, स्वतःच्या नावाने जमिनीचा व्यवहार करता येत नाही, पण तोफेच्या मागे उभे राहता येते. तेवढ्यासाठी आईबापाची सही शासनाला हवी असते. सही झाली की आईबापाचे काम संपले. पुढे पोरगा कुठे आहे, तो आजारी आहे का, त्याला कोणता डॉक्टर पाहतो, हे विचारायला गेलेल्या आईबापाला कोणत्याच खिडकीवर उत्तर मिळत नाही. आमचा आजचा सवाल या सहीबद्दल आहे. ज्या आईबापाची सही शासनाला चालते, त्यांची काळजी शासनाला का चालत नाही?

हा सवाल नाशिककरांनी विचारला पाहिजे, कारण नाशिक हे तोफखान्याचे माहेरघर आहे. नाशिकरोडला तोफखाना केंद्र आहे, देवळालीला तोफखान्याची शाळा आहे. शिंगवे बहुला आणि आसपासच्या गावांना सरावाच्या तोफांचा आवाज नवा नाही. दरवर्षी ‘तोपची’ या प्रात्यक्षिकाला पाहुणे येतात, तोफा गरजतात, टाळ्या वाजतात, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छायाचित्रे छापून येतात. पण तोफेजवळ उभ्या असलेल्या पोराचे आईबाप त्या छायाचित्रात कधी नसतात. ते बुलढाण्यात असतात, बंगालमध्ये असतात, मुंबईच्या झोपडपट्टीत असतात आणि फोनची वाट पाहत असतात.

१० ऑक्टोबर २०२४ रोजी देवळालीच्या मैदानावर गोळाबारीचा सराव सुरू असताना स्फोट झाला आणि दोन अग्निवीर ठार झाले. एक २० वर्षांचा होता, दुसरा २१ वर्षांचा. एक गुजरातचा, दुसरा पश्चिम बंगालचा. समोर शत्रू नव्हता, सीमा शेकडो मैल दूर होती. सरावातच पोरे गेली. त्याच्या एक वर्ष आधी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, बुलढाणा जिल्ह्यातील पिंपळगाव सराईचा अक्षय गवते सियाचीनमध्ये कर्तव्यावर असताना गेला. सेवा बजावताना मृत्यू आलेला देशातला तो पहिला अग्निवीर. आणि ९ मे २०२५ रोजी, ‘ऑपरेशन सिंदूर’च्या काळात, नियंत्रण रेषेवर पाकिस्तानी माऱ्यात मुरली नाईक हा अग्निवीर शहीद झाला. त्याचे मूळ गाव आंध्रातले, पण कुटुंब कष्ट करायला मुंबईत घाटकोपरला आलेले. त्याचे प्रशिक्षण झाले ते आमच्या देवळालीत.

ही नावे आम्ही गहिवर आणण्यासाठी घेतलेली नाहीत. गहिवर आणणारे पुष्कळ आहेत. अंत्ययात्रेत फुले उधळणारे पुढारी आहेत, चौकात फलक लावणारे आहेत. आम्हाला हिशोब मांडायचा आहे.

प्रथम जे मिळते ते सांगू. अक्षय गवतेच्या मृत्यूनंतर लष्कराने आकडे जाहीर केले होते : ४८ लाख रुपयांचा विमा, ४४ लाखांचे सानुग्रह अनुदान, सेवानिधीत साठलेली रक्कम व तेवढाच शासनाचा वाटा, चार वर्षांपैकी उरलेल्या काळाचा पगार आणि युद्धातील मृतांसाठीच्या निधीतून ८ लाख. सगळे मिळून रक्कम एक कोटीच्या वर जाते. तेव्हा अग्निवीराच्या घरी काहीच मिळत नाही असा प्रचार कोणी करत असेल तर तो खोटा आहे, आणि खोट्यावर उभी केलेली मागणी टिकत नाही.

आता जे मिळत नाही ते पाहू. त्याच चौकीवर, त्याच थंडीत, त्याच गोळीने नियमित जवान मेला तर त्याच्या कुटुंबाला एकरकमी मदत मिळतेच, शिवाय उदार कुटुंब निवृत्तीवेतन मिळते. म्हणजे शेवटच्या पगाराएवढी रक्कम दरमहा. अग्निवीराच्या कुटुंबाला निवृत्तीवेतन नाही. चार वर्षे पूर्ण करून जिवंत परत आलेल्या अग्निवीरालाही ते नाही. त्याला ग्रॅच्युइटी नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही आणि माजी सैनिकांच्या अंशदायी आरोग्य योजनेत नाव नाही. सेवेत असेपर्यंत लष्करी रुग्णालय त्याचे, गणवेश उतरला की ते परके. चौघांतल्या एकाला पुढे कायम करणार, उरलेले तिघे दहा-बारा लाख रुपये घेऊन घरी जाणार. पहिल्या तुकडीचे प्रशिक्षण जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाले. तिची चार वर्षे भरतात ती २०२६ च्या अखेरीस. त्यानंतर दर वर्षी अशी हजारो पोरे गावोगाव परत येत राहणार.

हा भेद आम्हालाच दिसला असे नाही. संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीने २०२४ च्या सुरुवातीला शिफारस केली की, कर्तव्यावर शहीद झालेल्या अग्निवीराच्या कुटुंबाला नियमित जवानाच्या कुटुंबाप्रमाणेच लाभ द्यावेत. मुरली नाईक यांच्या आईने २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे दार ठोठावले. तिचे म्हणणे साधे आहे : माझ्या मुलाने जे काम केले तेच शेजारच्या जवानाने केले, जोखीम एकच होती, मग मरणानंतर भेद कशाला? कायद्यापुढे समानता देणारे संविधानाचे चौदावे कलम ती पुढे करते. एका कष्टकरी कुटुंबातील आई मुलाच्या मरणानंतर मंत्र्याच्या पाया न पडता संविधानाकडे जाते, हे आमच्या वाचकांनी नीट लक्षात घ्यावे.

आता नाशिकमधलाच दुसरा दाखला घेऊ. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत आपली हजारो पोरे हेल्पर म्हणून राबतात. ज्याचा पगार २१ हजारांच्या आत आहे तो कर्मचारी राज्य विमा योजनेत येतो. तो कामावर अपघाताने दगावला तर त्याच्यावर अवलंबून असलेल्यांना दरमहा ठरावीक लाभ मिळतो, आणि बायको-मुले नसतील तर तो आईबापाला मिळू शकतो. अग्निवीराला पहिल्या वर्षी हातात येतात तेही २१ हजारच. ३० हजारांतले ९ हजार सेवानिधीसाठी कापले जातात. म्हणजे प्रेस मशीनवर मेलेल्या पोराच्या आईबापाला दरमहा आधार आहे आणि तोफेवर मेलेल्या पोराच्या आईबापाला नाही. कोणी म्हणेल, त्यांना एक कोटी मिळाले ना? मिळाले. पण अडाणी, कर्जात बुडालेल्या घरात एकरकमी पैसा किती दिवस टिकतो हे वस्तीत राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. नातेवाईक येतात, बिल्डर येतो, चिटफंडवाला येतो. दर महिन्याची रक्कम म्हातारपणाला पुरते, कारण ती कोणाला एकदम उचलून नेता येत नाही.

कारखान्यातील कामगाराला हा हक्क आपोआप मिळाला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्याच कारकिर्दीत १९४३ साली प्रा. अडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याचा अभ्यास सोपवला गेला, १९४४ साली अहवाल आला आणि १९४८ साली त्यावर कायदा उभा राहिला. ज्याच्या अंगमेहनतीवर राष्ट्र उभे राहते त्याचे दुखणे ही त्याची खासगी बाब राहत नाही, ती राष्ट्राची जबाबदारी होते, हे या कायद्यामागचे तत्त्व आहे. कामगाराला लागू होते ते तत्त्व सैनिकाला लागू का होऊ नये?

निवृत्तीवेतनाचा आमच्या समाजाशी संबंध तर त्याहून जुना आहे. बाबासाहेबांचे आजोबा मालोजी सैन्यात होते. वडील सुभेदार रामजी सकपाळ सैन्यात होते, महूच्या लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. सैन्यातून निवृत्त झालेल्या बापाच्या पेन्शनचा आधार भीमरावांच्या शिक्षणाला होता. गोपाळबाबा वलंगकर हेही सैन्यातून निवृत्त झालेले. अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी उचलणाऱ्या त्या पहिल्या पिढीला गावकीच्या तुकड्यावर जगावे लागले नाही, कारण दरमहा पेन्शन येत होती. पाटलाची भीड न बाळगता बोलण्याचे बळ त्या पेन्शनने दिले. म्हणूनच १८९२ साली इंग्रजांनी महारांची भरती बंद केली तेव्हा एका पोराची नोकरी नव्हे, एका समाजाची शिडी काढून घेतली गेली. वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज केला, पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी केला. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभारली गेली आणि युद्ध संपल्यावर १९२१ साली मोडली गेली. गरज सरो आणि वैद्य मरो! १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली तीही दुसऱ्या महायुद्धाची गरज आणि बाबासाहेबांचा पाठपुरावा यामुळे. हा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना ‘चार वर्षे ये, मग घरी जा’ या योजनेत काय हिरावले जाते ते समजावून द्यावे लागत नाही.

मरणाची बातमी तरी होते. आजाराची बातमी होत नाही, आणि आईबापाची खरी काळजी तिथेच आहे. पहाटे उठून मैदानावर धावणारे, साडेपाच मिनिटांच्या आसपास १.६ किलोमीटर काटणारे पोर भरतीच्या दिवशी ठणठणीत असते. वैद्यकीय तपासणीत एखादा दात, एखादा कान, पायाचा एखादा सपाट तळवा आडवा आला तरी त्याला परत पाठवतात. म्हणजे शासन निवडून निवडून निरोगी शरीर घेते. मग ते शरीर प्रशिक्षणात रगडले जाते, पायाच्या हाडाला बारीक तडा जातो, गुडघा धरतो. तोफेवर काम करणाऱ्याच्या कानावर तोफेचा आवाज आदळत राहतो, आणि ऐकू कमी येणे हा तोफखान्यातला जुना रोग आहे. उंचावर प्राणवायू विरळ, तिथे फुप्फुसात पाणी भरते. नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा जो अहवाल फेब्रुवारी २०२० मध्ये संसदेत मांडला गेला, त्यात सियाचीन-लडाखसारख्या भागातील जवानांना बर्फाचे चष्मे व बूट वेळेवर न मिळाल्याचे आणि शिध्यातून मिळणाऱ्या उष्मांकात ८२ टक्क्यांपर्यंत तूट पडल्याचे नमूद आहे. तो काळ २०१५-१६ ते २०१७-१८ चा होता. हे शासनाच्याच हिशोबनिसाने लिहिले आहे, आमच्यासारख्या विरोधकाने नव्हे.

असे दुखणे चार वर्षांत पूर्ण बाहेर येतेच असे नाही. तिशीत गुडघा जातो, चाळिशीत कान जातो. अपंगत्व आले तर अग्निवीराला त्याच्या प्रमाणानुसार १५, २५ किंवा ४४ लाख रुपये एकदाच मिळतात, दरमहा काही नाही. त्यातही अट अशी की ते दुखणे सेवेमुळे जडले किंवा सेवेमुळे वाढले असे वैद्यकीय मंडळाने मान्य केले पाहिजे. मंडळ लष्कराचे, कागद लष्कराचे. इथे आमच्या वाचकांनी एक निकाल लक्षात ठेवावा. धरमवीर सिंग विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली सांगितले की, भरतीच्या वेळी कागदावर कोणत्याही आजाराची नोंद नसेल तर जवान निरोगी होता असे मानले पाहिजे, आणि दुखण्याचा सेवेशी संबंध नाही हे सिद्ध करण्याचा भार शासनावर आहे. तो निकाल नियमित जवानाच्या खटल्यातला आहे, पण त्यातले न्यायतत्त्व कंत्राटाच्या मुदतीवर अवलंबून असू शकत नाही.

अधिकारी होऊ पाहणाऱ्या कॅडेटचीही गत फारशी वेगळी नव्हती. खडकवासल्याच्या प्रबोधिनीसारख्या संस्थांत प्रशिक्षण घेताना जायबंदी होऊन घरी पाठवलेले सुमारे ५०० कॅडेट १९८५ पासून आहेत. त्यांना माजी सैनिकाचा दर्जा नव्हता. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि त्याच महिन्याअखेर शासनाने त्यांना माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत घेतले. ४० वर्षे रखडलेले काम न्यायालयाचा डोळा वळताच काही दिवसांत झाले! याचा अर्थ, अडचण पैशाची नव्हती. होणाऱ्या अधिकाऱ्यासाठी उघडलेले दार साध्या गोलंदाजासाठीही उघडता येते.

शरीराचे झाले, मनाचे काय? इंग्रजी भाषेत वेड लागल्याला एक शब्द आहे, तो देवळालीच्या नावावरून पडला आहे. इंग्रजांच्या काळात देवळालीत सैनिकांचा मुक्काम-तळ होता. सेवा संपलेले गोरे सोल्जर मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत तिथे पडून राहत. जहाजे नोव्हेंबर ते मार्च एवढ्याच काळात सुटत. काम नाही, घर दूर, ऊन आणि हिवताप. त्यात कित्येकांची डोकी फिरत. त्याला ते ‘डुलाली टॅप’ म्हणू लागले. टॅप म्हणजे आपला ताप! दीडशे वर्षांपूर्वी सोल्जरांनाही कळले होते की सैनिकाच्या मनाला ताप येतो. आजचे शासन तो मान्य करायला अजून कचरते.

जुलै २०२२ मध्ये सरकारने संसदेत दिलेल्या उत्तरानुसार, आधीच्या पाच वर्षांत तिन्ही दलांत मिळून आत्महत्येची ८१९ प्रकरणे झाली, त्यांतली ६४२ लष्करातली. ऑक्टोबर २०२३ मध्ये पंजाबच्या एका अग्निवीराला लष्करी मानवंदना नाकारली गेली, तेव्हा लष्कराने खुलासा केला की, स्वतःला करून घेतलेल्या इजेने मृत्यू आला तर मानवंदना दिली जात नाही, आणि २००१ पासून असे मृत्यू वर्षाला सरासरी १०० ते १४० होतात. आम्ही विचारतो, ज्याचे मन सेवेत असताना मोडले त्याच्या आईबापाला पोर गेल्याचे दुःख आणि वर हा कलंक, अशी दुहेरी शिक्षा कशासाठी? आणि बोलणाऱ्याचे काय होते? साहेबांच्या घरची कामे जवानांकडून करून घेणाऱ्या ‘सहायक’ पद्धतीवर एक छुपे चित्रीकरण २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात दिसलेला केरळचा एक जवान त्याच वर्षी मार्चमध्ये देवळालीतील एका ओसाड बराकीत मृतावस्थेत सापडला. कुटुंबाने शंका घेतल्या. नाशिकमध्ये गुन्हा नोंदला गेला तो चित्रीकरण करणाऱ्या पत्रकार महिलेवर. मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तो रद्द केला.

अशा वातावरणात आईबाप गप्प बसतात. ‘आपण बोललो तर पोराला त्रास होईल’ ही भीती त्यांच्या जिभेवर बसलेली असते. मग ते नवस बोलतात, गंडे बांधतात, रात्री फोन उशाशी घेऊन झोपतात. आमच्या समाजाने नवसाचा मार्ग १९५६ साली सोडला. तेव्हा काळजीचे रूपांतर कागदात केले पाहिजे. भरतीच्या वेळच्या वैद्यकीय तपासणीची जी प्रत हाती येईल ती घरी सांभाळा. पोरगा सुटीवर आल्यावर सिव्हिलमध्ये वा खासगी डॉक्टरला दाखवले तर केसपेपर जपून ठेवा. त्याने फोनवर सांगितलेले दुखणे तारखेनिशी वहीत लिहा. सेवा संपताना होणाऱ्या तपासणीत प्रत्येक तक्रार लेखी नोंदवायला त्याला सांगा, ‘घरी जायची घाई आहे’ म्हणून काही लपवू देऊ नका. मनाच्या त्रासासाठी टेलि-मानसची १४४१६ ही सेवा आहे, सैन्यदलांसाठी तिचा स्वतंत्र कक्ष डिसेंबर २०२३ पासून पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, मुंबईत सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे खंडपीठ आहे, २००५ चा माहिती अधिकार आहे. एकट्या आईबापाला ही दारे जड वाटतात. प्रत्येक बुद्धविहारात महिन्यातून एक रविवार सैनिक-पालकांसाठी ठेवला, वस्तीतल्या माजी सैनिकांनी आणि वकिलांनी दोन तास दिले, तर ती उघडू लागतील.

कोणी म्हणेल, हा सैन्याच्या शिस्तीत हस्तक्षेप आहे. आम्ही कोणाची चौकी कुठे आहे हे विचारत नाही, कोणती तोफ कुठे लावली हे विचारत नाही. आजारी पोराचे नाव कोणत्या रजिस्टरात आहे एवढेच विचारतो. भीमा कोरेगावच्या स्तंभावर ज्यांच्या पूर्वजांची नावे कोरलेली आहेत त्यांना देशासाठी लढणे कोणी शिकवू नये. आणि ज्याला खरोखर चांगले सैन्य हवे आहे त्याला सैनिकाच्या घरची निश्चिंती हवीच असते.

तेव्हा मागण्या स्पष्ट आहेत. कर्तव्यावर गेलेल्या अग्निवीराच्या कुटुंबाला नियमित जवानाच्या बरोबरीने निवृत्तीवेतन द्या. चार वर्षे काढून परतणाऱ्या प्रत्येकाला त्याची संपूर्ण वैद्यकीय नोंद हातात द्या, आणि सेवेत जडलेल्या दुखण्यावर आयुष्यभर लष्करी रुग्णालयात उपचार द्या. जवान रुग्णालयात दाखल झाला तर ठरावीक तासांत आईबापाला कळवण्याचे बंधन तुकडीवर घाला. यातली एकही मागणी सैन्याला दुबळे करणारी नाही. येत्या काळात मते मागायला जे जे नाशिकच्या वस्त्यांत येतील, त्यांना भारताच्या जयघोषात सामील करून घ्या आणि मग या मागण्यांवर त्यांची सही मागा. आईबापांनी आपली सही कधीच दिली आहे.